यशयाने कुणाला पाहिलं? केडगावचं बायबल आणि एका दर्शनाचं वाचन

दौंड तालुक्यातलं केडगाव तुम्ही पुणे-दौंड लोहमार्गावर बघितलं असेल. गाडी क्षणभर थांबते आणि पुढे जाते. याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. बायबल त्यानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं, आणि त्या छपाईच्या कामात आश्रमातल्या मुली-बायकांचा हात होता.

भाषांतर, धर्म किंवा स्त्री-इतिहास यांपैकी कशावरही पीएचडी करायचं मनात असेल, तर हे बायबल कधी ना कधी तुमच्या वाटेत येणारच. आल्यावर एक मोहही येतो: "रमाबाई आधी ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल साशंक होत्या, पुढे त्यांचा विश्वास पक्का झाला, म्हणून त्यांचं भाषांतर त्या पक्क्या विश्वासाचं भाषांतर." वाक्य गोळीबंद आहे. सिनॉप्सिसमध्ये छान बसतं. आज याच वाक्याला जरा धक्का देऊन बघू, आणि त्यासाठी बायबलमधला एकच उतारा घेऊ: यशयाचा सहावा अध्याय.

उतारा थोडक्यात असा. उज्जीया राजा मेला त्या वर्षी (इ.स.पू. ७४० च्या आसपास) यशया या संदेष्ट्याला मंदिरात दर्शन होतं. उंच सिंहासनावर प्रभू बसलेला, त्याच्या वस्त्राच्या घोळाने मंदिर भरलेलं. वर सराफीम, प्रत्येकाला सहा पंख, आणि ते एकमेकांना तीनदा "पवित्र" म्हणत पुकारताहेत. यशया घाबरतो, कारण आपण अशुद्ध ओठांचे आणि राजाला तर डोळ्यांनी पाहिलं. एक सराफ निखारा ओठांना लावतो. मग आवाज येतो, कुणाला पाठवू? यशया म्हणतो, मला पाठव. आणि त्याला काम मिळतं ते विचित्र: लोकांना असं काही सांग की ऐकूनही त्यांना कळणार नाही, बघूनही दिसणार नाही.

आता नव्या करारात या. योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात, येशूची चिन्हं बघूनही लोक विश्वास ठेवत नाहीत असं सांगताना लेखक यशयाची दोन वचनं देतो, एक त्रेपन्नाव्या अध्यायातलं, एक या सहाव्यातलं. आणि लगेच ४१ व्या वचनात म्हणतो की यशयाने हे बोललं त्यामागे त्याने 'त्याचं' तेज पाहिलं होतं. 'त्याचं' म्हणजे कुणाचं? मागचे-पुढचे सर्वनाम येशूकडे जातात. म्हणजे यशयाने मंदिरात पाहिला तो ख्रिस्तच, आणि यशया तर त्याला सेनाधीश परमेश्वर म्हणतो, म्हणजे ख्रिस्त हा परमेश्वरच. ख्रिस्ती परंपरेत येशूच्या देवत्वासाठी जे पुरावे दिले जातात त्यांत हा बराच वरच्या रांगेतला.

याचं मूल्यमापन करताना तीन प्रश्न वेगळे ठेवा. यशयाच्या हिब्रू मजकुरात काय आहे? योहानाने त्याचं काय केलं? आणि नंतरच्या चर्चने योहानाच्या वाक्यातून काय सिद्धान्त उभा केला? तिन्ही एकाच पिशवीत टाकले की पुरावा फार भक्कम वाटतो किंवा फार पोकळ वाटतो, वाचणारा आधीपासून कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर.

पहिला प्रश्न पटकन संपतो. हिब्रूत यशया पहिल्या, आठव्या आणि अकराव्या वचनात 'अदोनाय' म्हणतो, आणि तिसऱ्या, पाचव्या, बाराव्या वचनात देवाचं चार अक्षरी नाव येतं. दोन्ही एकाच देवासाठी. दुसरा कुणी दैवी पुरुष तिथे आहे असं मजकूर सुचवत नाही. जे ज्यू वाचक शतकानुशतकं हा उतारा वाचत आले त्यांना त्यात मशीहा शोधायची गरज पडली नाही. कोकणातल्या बेने इस्रायली घरांत, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरांत, प्रार्थनेच्या केदुशामध्ये हेच तीनदा "पवित्र" येतं आणि प्रत्येक उच्चाराला टाचा उचलल्या जातात. मराठी वाचकांत हा उतारा स्वतःचा म्हणणारे दोन समाज आहेत हे ध्यानात असू द्या. हिब्रू व्याकरण मराठीतून शिकवणारं पुस्तक जॉन विल्सनने मुंबईत १८३२ मध्ये काढलं तेसुद्धा बेने इस्रायलींना डोळ्यांपुढे ठेवूनच. केडगावच्या आधी नव्वद वर्षं.

आता मराठीची एक गंमत. आपल्या प्रचलित पवित्र शास्त्रात अदोनायसाठी 'प्रभू' आणि चार अक्षरी नावासाठी 'परमेश्वर' अशी वाटणी आहे. हिब्रूतला फरक त्यामुळे जपला जातो, हे चांगलंच. पण नव्या करारात 'प्रभू' हा शब्द कुणाला चिकटलाय? येशूला. शिरूरकडच्या किंवा दौंडच्या कुठल्याही ख्रिस्ती घरात "प्रभू" एवढंच म्हटलं तर कान येशूकडे जातो. मग असा वाचक यशया ६ उघडतो आणि पहिल्याच ओळीत संदेष्ट्याने 'प्रभू'ला पाहिलं असं वाचतो. योहानापर्यंत जायचीही गरज नाही, काम तिथेच झालं! सिद्धान्त युक्तिवादाने आला नाही, शब्दसाठ्यातून आला. ग्रीक सेप्टुअजिंटमध्ये हे आणखी सरळ होतं, कारण तिथे दोन्हीसाठी एकच शब्द आहे, 'क्युरिऑस', आणि येशूसाठीही तोच. म्हणून भाषांतराचा अभ्यास करताना "या भाषांतरकाराची श्रद्धा काय" हा प्रश्न मागे ठेवा. "या भाषेत हा शब्द आधीपासून कुणाचा आहे" हा प्रश्न आधी विचारा.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. आठव्या वचनात देव विचारतो, कुणाला पाठवू, आणि लगेच, आमच्यातर्फे कोण जाईल. 'मी' वरून एकदम 'आम्ही'. ख्रिस्ती वाचकांनी या बहुवचनात त्रैक्य पाहिलं, ज्यू वाचकांनी देवाचा दरबार. हिब्रूत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेदच नाही, इंग्रजीत नाही, ग्रीकमध्ये नाही. मराठीत आहे, आणि तो टाळता येत नाही! 'आमच्यातर्फे' लिहिलं तर यशया बाहेर राहतो, बोलणारे वर कुणीतरी 'आम्ही' आहेत. 'आपल्यातर्फे' लिहिलं तर यशयाही त्या मंडळीत आला. आणि त्यात तिसरी छटा आहे: मराठीत राजे स्वतःला 'आम्ही' म्हणतात, कागदपत्रांत म्हणायचेच. सिंहासनावरचा राजा 'आम्ही' म्हणाला तर मराठी कानाला तो एकटाच आहे हे आपोआप समजतं. म्हणजे त्रैक्याचा पुरावा म्हणून जो शब्द दाखवला जातो तो मराठीत गेल्यावर मोडीतल्या फर्मानासारखा वाटू शकतो. अजून एक: सेप्टुअजिंटमध्ये इथे 'आमच्यातर्फे' नाहीच, तिथे "या लोकांकडे" कोण जाईल असं आहे. ग्रीक चर्चचे जुने भाष्यकार ज्या मजकुरावर जगत होते त्यात हा पुरावा उपलब्ध नव्हता. ज्या सिद्धान्ताला एक मजकूर आधार देतो आणि दुसरा देत नाही, त्याचा इतिहास लिहिताना कुणाच्या हातात कोणता मजकूर होता हे आधी बघावं लागतं.

(रमाबाई संस्कृतच्या पंडिता. त्यांना सराफांचे सहा पंख हिब्रूत द्विवचनी रूपात दिसले असतील तेव्हा काय वाटलं असेल, असा विचार माझ्या मनात येतो. हिब्रूत जोडीने येणाऱ्या अवयवांना द्विवचन लागतं, ते सहा असले तरी. संस्कृतच्या हिशेबात हे चालायचं नाही.)

आता दुसरा प्रश्न, योहान. इथे जरा थांबू, कारण 'योहानाने यशयाच्या तोंडी भलतंच घातलं' असं म्हणून हात झटकणारे जे लोक आहेत तेही मला आळशी वाटतात.

यशया ६ मध्ये प्रभू किंवा सिंहासन 'उंच आणि उंचावलेलं' आहे. हिब्रूत 'राम वनिस्सा'. आता ५२:१३ बघा, दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत जिथे सुरू होतं ते वचन. तिथे सेवकाबद्दल म्हटलंय की तो उंच होईल, उंचावला जाईल, आणि धातू तेच दोन. सेप्टुअजिंटने तर तिथे 'उंचावला जाईल आणि गौरवला जाईल' असं केलं. आणि योहान १२ मध्ये येशू स्वतःच्या क्रूसावरच्या मरणाला काय म्हणतो? उंचावलं जाणं. आणि गौरव. योहान ज्या दोन वचनांची जोडी लावतो त्यातलं पहिलं ५३:१ आहे, म्हणजे याच सेवकगीतातलं. तो सहावा अध्याय आणि त्रेपन्नावा अध्याय एका सूत्रात ओवतोय आणि त्याचं सूत ग्रंथातच आहे. भर म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये ६:१ ला वस्त्राच्या घोळाऐवजी मंदिर त्याच्या तेजाने भरल्याचं म्हटलंय. अरामी तारगूममध्ये यशया प्रभूला पाहत नाही, प्रभूचं तेज पाहतो. देवाला कुणी थेट पाहिलं असं म्हणायला संकोच, म्हणून 'तेज' पाहिलं म्हणायची ही पद्धत. योहान तेच म्हणतो: त्याचं तेज पाहिलं. (तारगूमचं आज हाती असलेलं रूप योहानाच्या नंतरचं आहे, म्हणून "योहानाने तारगूम वाचला" असं लिहू नका. पद्धत सारखी आहे इतकंच म्हणता येतं. परीक्षक हे पहिल्यांदा पकडतात.)

तर योहानाचं वाचन मनमानी नाही. ते ज्यू ग्रंथवाचनाच्या रीतीनेच केलेलं आहे, आणि त्या रीतीने ते बऱ्यापैकी घट्ट आहे. माझं मत विचाराल तर 'त्याचं तेज' म्हणजे योहानाला मंदिरातलं तेज आणि क्रूसावरचं तेज दोन्ही एकदम अभिप्रेत आहेत, आणि नुसतं "यशयाला येशू दिसला" असं सांगणारं वाचन योहानाच्याच मुद्द्याचा अर्धा भाग गमावतं. तिथे सिंहासनावर बसलेला जो आहे तोच खांबावर उंचावलेला आहे, हा धक्का त्याला द्यायचाय.

पण त्याच जागी काळजाला लागणारी एक गोष्टही आहे. योहान हे वचन 'त्यांनी' का विश्वास ठेवला नाही हे समजावायला वापरतो, आणि पुढे ख्रिस्ती इतिहासात आंधळे डोळे आणि बधिर कान हे ज्यू लोकांवरचं दूषण झालं. यशयाने ते स्वतःच्या लोकांबद्दल, त्यांच्यातलाच एक म्हणून, अशुद्ध ओठांच्या लोकांत राहणारा म्हणून म्हटलं होतं. देवत्वाचा पुरावा म्हणून हा उतारा वापरणाऱ्याने दोन वचनं मागचा हा भाग वगळला तर ते वाचन अपुरं राहतं.

ग्रीक मजकुरातली एक बारीक फूटही बघा. ४१ व्या वचनात जुन्या हस्तलिखितांत 'होती' आहे, म्हणजे 'कारण'. नंतरच्या बहुसंख्य हस्तलिखितांत 'होते', म्हणजे 'तेव्हा'. एका अक्षराचा फरक. किंग जेम्स इंग्रजीत 'तेव्हा', १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या करारात 'कारण'. मराठीत तुमच्यापुढे 'म्हणून' आहे की 'तेव्हा' आहे यावरून भाषांतरकाराच्या टेबलावर कोणता ग्रीक मजकूर होता याचा माग लागू शकतो. आणि 'त्याचं' हे सर्वनाम? इथे मराठी ग्रीकपेक्षा थोडी जास्त बोलते: यशयाचं स्वतःचं तेज असतं तर आपण 'आपलं' म्हटलं असतं. 'त्याचं' म्हटल्याने यशया तरी वगळला गेला. उरलेले दोन, येशू आणि देव, यांच्यात मात्र मराठीही निवाडा करत नाही, कारण आपण दोघांनाही एकेरीच हाक मारतो.

तिसरा प्रश्न, चर्चचा सिद्धान्त. इथे फक्त एक गोष्ट सांगतो, पण ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिसऱ्या शतकातला ओरिजेन सांगतो की त्याच्या हिब्रू गुरूच्या मते दोन सराफ म्हणजे देवाचा पुत्र आणि पवित्र आत्मा. म्हणजे ख्रिस्त सिंहासनावर नाही, तो पंखांनी तोंड झाकून गाणाऱ्यांत! चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने पोप दमाससला लिहिलेल्या पत्रात हे साफ नाकारलं, आणि त्याच्या हातातलं हत्यार योहान १२ हेच होतं. मधे ३२५ ची निकायाची सभा होऊन गेलेली. तेच दर्शन, दोन्ही वाचक ख्रिस्ती, दोघांचीही येशूवर श्रद्धा, आणि ख्रिस्ताची जागा मात्र वेगळी. यशया ६ मधून देवत्व 'सिद्ध होतं' असं म्हणणाऱ्याने ओरिजेनला ते का दिसलं नाही याचं उत्तर द्यायला हवं.

आता परत केडगावला.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. नंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या, आणि १८८५ मध्ये सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद झाला. विषय हाच: त्रैक्य, आणि ख्रिस्ताचं देवत्व. बाप्तिस्मा घेतलेली स्त्री दोन वर्षांनी म्हणते की हे मला शास्त्रात दाखवा, बिशप म्हणतात म्हणून मी मानणार नाही. नुकत्याच एका पुरोहितशाहीतून बाहेर पडलेल्या बाईला दुसरी पुरोहितशाही नको होती. परक्या देशात, त्यांच्याच आधारावर राहून, मुलगी मनोरमा लहान, तिचं शिक्षण त्यांच्याच हातात, अशा स्थितीत हा वाद आहे. हा हट्ट त्यांना किती महागात पडू शकला असता याचा विचार करा.

पुढे बदल झाला हे खरं. १८९१ च्या सुमारास आलेला अनुभव आणि त्यानंतरची त्यांची ख्रिस्तभक्ती त्यांनी स्वतः १९०७ च्या आत्मनिवेदनात मांडली आहे. त्यात नीळकंठ ऊर्फ नेहेम्या गोरे यांचं ऋणही आहे. हे पुसायचं कारण नाही. माझा आक्षेप फक्त त्या पुढच्या उडीला आहे: "म्हणून भाषांतरही तसं."

एक तर साधनांचा प्रश्न. तो पत्रव्यवहार आपल्या हाती आला तो ए. बी. शाह यांनी संपादित केलेल्या १९७७ च्या पुस्तकातून, आणि पत्रं जमवली, जपली, लावली ती सिस्टर जेराल्डीनने. म्हणजे वादातल्याच एका बाजूने. 'बंडखोर मुलगी शेवटी घरी आली' या कथानकाचा साचा तिथून येतो का, हे तपासल्याशिवाय तो आपल्या प्रकरणाचा सांगाडा करू नका. मीरा कोसंबींनी रमाबाईंना त्यांच्या स्वतःच्या शब्दांतून वाचायचा आग्रह धरला त्याचं मोल इथे कळतं.

दुसरं, रमाबाईंनी भाषांतरासाठी जी पद्धत निवडली ती बघा. मूळ भाषांना चिकटून राहायचं, साध्या बायकांना कळेल असं लिहायचं, आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले संस्कृत शब्द टाळायचे. मूळाला चिकटण्याचा परिणाम काय होतो? 'त्याचं' हे 'त्याचं'च राहतं. भाष्यकार जिथे 'ख्रिस्ताचं' म्हणून मोकळा होतो तिथे शब्दशः भाषांतर करणाऱ्याला गप्प बसावं लागतं. मला यात १८८५ ची रमाबाई दिसते: शास्त्रात आहे तेवढंच द्या, वरचं पाद्र्यांना बोलू दे. साशंक रमाबाई आणि श्रद्धाळू रमाबाई अशा दोन बायका करण्यापेक्षा, एकाच बाईचा एकच हट्ट १८८५ पासून १९२२ पर्यंत चालू राहिला असं म्हणणं मला जास्त सयुक्तिक वाटतं. हा माझा तर्क आहे. तो खोडता येण्याजोगा आहे, आणि कसा खोडायचा तेही सांगतो.

१९२४ ची प्रत मिळवा. पाच जागा उघडा. यशया ६:१ मध्ये अदोनायला कोणता शब्द आहे, आणि तोच शब्द नव्या करारात येशूला आहे का? ६:८ ला 'आम्ही' आहे की 'आपण'? ६:१ आणि ५२:१३ ला 'उंच-उंचावलेला' यासाठी एकच मराठी शब्दजोडी वापरली आहे, की वाचकाला दुवा कळू नये इतके वेगळे शब्द आहेत? योहान १२:४१ ला 'म्हणून' की 'तेव्हा'? आणि त्याच वचनात सर्वनाम तसंच ठेवलंय की नाव घालून खुलासा केलाय? शेजारी त्या आधीचं मिशनरी भाषांतर ठेवा, ज्यावर शिरूरच्या अमेरिकन मराठी मिशनसारख्या केंद्रांतली मंडळी वाढली, आणि आजचं पवित्र शास्त्र ठेवा. तीन स्तंभ, पाच ओळी. रमाबाईंनी सर्वनामाच्या जागी नाव घातलेलं निघालं तर माझा तर्क पडला. दुवा मुद्दाम जपलेला निघाला तर त्या योहानाच्या नजरेने यशया वाचत होत्या असं म्हणायला तुम्हाला पहिल्यांदा काहीतरी ठोस मिळालं, आणि ते त्यांच्या चरित्रातून नाही, त्यांच्या मराठीतून मिळालं.

शिरूरहून न्हावरा, पारगावजवळ भीमा ओलांडून चौफुला, आणि तिथून केडगाव. दोन तालुक्यांमधला हा रस्ता फार लांब नाही. जाणार असाल तर जाण्याआधी पत्र पाठवून परवानगी घ्या, वहीत ते पाच संदर्भ लिहून न्या, आणि वचनाचा फोटो काढताना पानाचा आकडा दिसेल असा काढा.